टिटवीचा पहारा

फार जुनी गोष्ट. देवराईत वानरमहाराज रोज प्रार्थना घेत आणि टिटवी बाहेरच्या लांडग्यांवर पहारा ठेवी. एकदा हरिणी रडत तिच्याकडे आली. "ताई, महाराजांनी माझ्या पाडसाला ओरबाडलं गं."

"महाराजांबद्दल असं बोलू नये. काटा लागला असेल," टिटवी म्हणाली. हरिणी पाडसाला घेऊन राई सोडून गेली.

पुढे सशाच्या पिल्लाच्या अंगावर तसेच ओरखडे दिसले, तेव्हा मात्र टिटवीने ओरडून रान डोक्यावर घेतलं. सगळ्या प्राण्यांनी मिळून महाराजांना हाकललं.

टिटवी हरिणीला शोधत गेली. "चुकलं गं माझं. आता भीती नाही, परत चल."

हरिणी म्हणाली, "मी येईन. पण प्रार्थनेचा सूर कानी पडला तरी हे लेकरू थरथरतं. त्याला काय सांगू?"

त्या रात्री टिटवी पाडसाजवळच पहाऱ्याला बसली.