बोटभर फट

"मग पंप फुटला कसा, उस्ताद? एकदा नव्हे, दोनदा!"

जिनपाल मगदूमनं हे जवळजवळ ओरडूनच विचारलं. मिरजेच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये शिकलगार उस्ताद स्टुलावर बसून चहा पीत होते. सत्तरी उलटलेली. याच शेडमध्ये जिनपाल पाना धरायला शिकला. पुढं सांगलीत त्यानं स्वतःचं मोठं गॅरेज थाटलं आणि अकरा वर्षं इकडं फिरकला नाही. आज टेम्पोला दोर बांधून एक जुनी गाडी ओढत आला होता.

"गाडी कुणाची?" उस्तादांनी विचारलं.

"आवटी म्हणून रिटायर पोस्टमास्तर आहेत. शुगरनं डावा पाय गेला. क्लच दाबता येत नाही, म्हणून ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवतोय."

"या वयाच्या गाडीला? दुसरी का घेत नाहीत?"

जिनपाल गाडीचा दोर सोडू लागला.

"बायको कऱ्हाडला दवाखान्यात पडून आहे. माणसं ओळखत नाही आता. पण हे भेटायला गेले की एवढंच विचारते... आपली गाडी आणलीत?"

"आणि हे जातात कसे?"

"एसटीनं. कुबड्या घेऊन."

"तू वायदा किती दिवसांचा केला होतास?"

"पंधरा." जिनपालनं मान वळवली. "चौथा महिना चाललाय."

उस्तादांनी गिअरबॉक्स उतरवून घेतला. त्यातला फुटका ऑइल पंप काढून नवा घातला आणि बॉक्स उभा करायला लावला, तोंड वर.

"कन्व्हर्टर बसव."

टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे ऑइलनं भरलेला, कलिंगडाएवढा लोखंडी गोळा. इंजिनाची ताकद तोच गिअरबॉक्सकडं पोचवतो, म्हणून क्लचचं काम उरत नाही. जिनपालनं तो बॉक्समधून वर आलेल्या दांड्यावर उतरवला. ठक. जरा फिरवला. पुन्हा ठक.

"बसला."

"नाही."

"उस्ताद, अशा वीस गाड्या केल्यात मी."

"मग इकडं कशाला आलास?"

जिनपालचे कान तापले.

"तू बॉक्स इंजिनाला लावलास तेव्हा मधे फट राहिली होती?"

"बोटभर."

"मग?"

"बोल्ट आवळले. मिटली की फट."

उस्तादांनी कप खाली ठेवला.

"तेव्हाच फुटला पंप. तीन खाचा असतात, तू दोनवर थांबलास. गोळा पुरता आत गेला नव्हता. तुझ्या बोल्टांनी तो पंपावर चेचला... आवटींना काय सांगितलंस?"

"पार्ट खराब आले म्हणून."

"दोन्ही वेळा?"

"...दोन्ही वेळा."

उस्तादांनी बोटानंच गिअरबॉक्स दाखवला.

जिनपाल परत भिडला. गोळा दाबला, हलवला, तळव्यानं ठोकला. घामाचे थेंब लोखंडावर पडत होते. तासभर झाला, तिसरी खाच काही लागेना.

"दाबू नकोस," उस्ताद एकदाच म्हणाले.

दुपारी बारा-साडेबाराला फोन वाजला. आवटींचा होता. आवाज अगदी साधा.

"मगदूम, आता गाडीची घाई करू नका. सकाळी ती गेली."

फोन बंद झाला.

जिनपालनं फोन खिशात टाकला. मग म्हणाला, "उस्ताद... आता कशाला बसवायचा?"

"फिरव."

त्यानं दोन्ही हात गोळ्यावर ठेवले. हातांत जोर असा नव्हताच. बसला काय, न बसला काय, त्याला आता कसलीच ओढ उरली नव्हती. गोळा नुसता फिरवला. अर्धा फेरा झाला असेल, आणि तो आपल्या वजनानं खाली गेला.

ठक.

जिनपाल तिथंच जमिनीवर बसला आणि त्यानं ऑइलच्या हातांनी तोंड झाकून घेतलं. उस्तादांनी त्याला उठवलं नाही.

संध्याकाळी गिअरबॉक्स इंजिनाला लावला तेव्हा मधे फट राहिली नाही. बोल्ट बोटांनीच आत गेले. गाडी चालू झाली, पुढं सरकली. कुणाच्या तोंडावर आनंद म्हणून दिसला नाही.

पंधरा दिवसांनी दोघं गाडी घेऊन आवटींच्या दारात गेले. ते ओसरीवर खुर्चीत बसले होते. डाव्या पायाची विजार दुमडून पिन लावलेली. गाडीकडं त्यांनी एकदा पाहिलं.

"शेवटी चांगले पार्ट मिळाले म्हणायचे."

जिनपालनं उस्तादांकडं पाहिलं. उस्ताद रस्त्याकडं बघत होते.

"पार्ट चांगलेच होते, साहेब. चूक माझी होती. दोन्ही वेळा... तुमच्याशी खोटं बोललो मी."

आवटी रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं जिनपालला वाटलं.

"ती रोज विचारायची," आवटी म्हणाले. "मी रोज सांगायचो... उद्या आणतो."

आत कुठंतरी नळ ठिबकत होता.

"उस्ताद," तो हळूच म्हणाला, "आता मी काय करू?"

"चावी त्यांच्या हातात दे," शिकलगार उस्ताद म्हणाले. "ते चालवतील. शेजारची जागा मोकळी सोड, आणि तू मागं बस."