दोन दवंड्या आणि एक बुरूड

पुष्कळ काळ लोटला या गोष्टीला. डोंगराच्या कुशीत एक नगरी होती. तिथल्या लोकांचा दवंडीवर भारी विश्वास. दवंडी पिटेपर्यंत डोळ्यांनी पाहिलेलंही खरं मानायचं नाही, आणि एकदा ती पिटली की पुन्हा पाहायला जायचं नाही, अशी तिथली रीत. धन्य ती माणसं!

एकदा संध्याकाळी एक बुरूड खांद्यावर लांब बांबूंचा भारा घेऊन घरी येत होता. धुकं दाटलं होतं. वेशीवरच्या पहारेकऱ्याला वाटलं, कुणी भाले घेऊन चालून येतंय. त्याने हटकलंसुद्धा नाही. सरळ बाण सोडला आणि बुरूड कोसळला.

नगरीत दवंडीवाले दोन. एक प्रधानाचा, एक सेनापतीचा. दोघांनी दुरूनच पडलेला माणूस पाहिला आणि आधी कोण पोचतो म्हणून चौकाकडे धूम ठोकली.

"ऐका हो ऐका! गरीब बुरूड हकनाक ठार!" पहिला ओरडला.

"ऐका हो ऐका! शत्रूचा हेर ठार!" दुसरा ओरडला.

झालं! चौक माणसांनी भरला.

"पहारेकऱ्याला सुळावर चढवा!" प्रधान गरजला.

"त्याला सोन्याचं कडं द्या!" सेनापती गरजला.

शेजाऱ्याशेजाऱ्यांत जुंपली. राजवैद्यांनी औषधांची पेटी उचलली होती. 'ठार' हा शब्द कानी पडताच त्यांनी ती खाली ठेवली आणि तेही वादात उतरले.

वेशीकडे धावली ती एकटी बुरडीण. तिथे जाऊन पाहते तर काय! तिच्या धन्याचे डोळे उघडे होते, छाती खालीवर होत होती. ज्याने बाण मारला तोच पहारेकरी आपलं पागोटं जखमेवर दाबून रडत बसला होता.

"बाई, माझ्या हातून पाप घडलं," तो म्हणाला. "मघापासून ओरडतोय, वैद्य आणा, वैद्य आणा. त्या ढोलांपुढे कुणाला ऐकू जात नाही. मी हात काढला तर हा जाईल. तू पळ!"

ती धापा टाकत चौकात आली. "माझा धनी जिता आहे! वैद्यबुवा, पाया पडते, चला!"

मग पहिला दवंडीवाला म्हणाला, "असं कसं? दवंडी झालीय, बाई."

"म्हणजे आमची दवंडी खोटी?" दुसऱ्याने डोळे वटारले. सबंध संध्याकाळभरात त्या दोघांचं एकमत झालं ते एवढ्याच गोष्टीवर.

बुरडिणीने वैद्यांचा हात धरला आणि त्यांना ओढत वेशीकडे नेलं.

पहारेकऱ्याचा हात अजून जखमेवरच होता. पण त्या हाताखाली आता काही हलत नव्हतं.

चौकात ढोल वाजतच होते. दोन्ही दवंड्यांतला 'ठार' हा शब्द आता खरा झाला होता.

तात्पर्य: माणूस पडला की आधी त्याच्यापाशी जावं, तो कुणाचा आणि कसा, हा वाद त्याचा जीव वाचल्यावरही घालता येतो.