बिनखुणेची पेटी

फार फार पूर्वी, राजांची नावं लिहून ठेवायचंही कोणाला सुचलं नव्हतं तेव्हा, एका ओढ्याच्या दोन्ही काठांवर वसलेलं एक गाव होतं. लहानांनो, आणि लहानांना मांडीवर घेऊन बसलेल्या थोरांनो, त्या गावात घरोघरी एक नादपेटी होती. लाकडाची पेटी, तिला मागे भाता, पुढे पट्ट्या आणि कडेला खुंट्या. एक खुंटी ओढली की पेटी सनईसारखी वाजे, दुसरी ओढली की पाव्यासारखी, आणि तिसरी ओढली की कौलांवर पाऊस पडतोय असं वाटे.

त्या गावची एक मुलगी दूरदेशी शिकायला गेली होती. घरातलं शेंडेफळ, म्हणून तिला सगळे धाकटी म्हणत. तिकडे ती पेट्या घडवायला शिकली. पुढे थोरल्या भावाला मुलगी झाल्याचा निरोप आला. निरोपाला पोचायला वेळ लागला आणि धाकटीला निघायलाही. पण अखेर स्वतःच्या हातानं घडवलेली पेटी पाठीवर घेऊन ती गावाकडे निघाली.

वाटभर ती मनात चित्र रंगवत होती. टेकडी उतरली की ओढ्याच्या अलीकडून सनई ऐकू येईल, पलीकडून पावा तिला साथ देईल. आपली वाट बघून बघून बारसं उरकलं असेल, आणि भाची आपल्या नावाला ओ द्यायला शिकत असेल.

टेकडी उतरल्यावर ऐकू आलं ते भांडण.

“तुमच्या पावसाला ओल नाही!” अलीकडचा एकजण हात उंचावून ओरडत होता. “तो ऐकून कोणी इरलंसुद्धा शोधणार नाही!”

“आणि तुमची सनई?” पलीकडून उत्तर आलं. “सर्दी झालीय तिला, काढा पाजा!”

धाकटी बघतच राहिली. अलीकडच्या प्रत्येक दारावर मोर रंगवलेला होता, पलीकडच्या प्रत्येक दारावर कासव. ती गेल्यानंतर दूरच्या नगरात पेट्यांचे दोन कारागीर नावारूपाला आले होते. एक आपल्या पेटीवर मोर कोरी, दुसरा कासव. अलीकडच्यांनी मोराच्या पेट्या घेतल्या, पलीकडच्यांनी कासवाच्या. इथवर काही बिघडलं नव्हतं. पण मग लोक एकमेकांना भेटल्यावर “मोर नाचो!” म्हणू लागले, आणि पलीकडे “कासव पोचो!” नवी खुंटी घेऊन व्यापारी यायचा असला की माणसं झुंजूमुंजू व्हायच्या आधी वेशीवर जाऊन बसत. त्यात मोराच्या पेटीचा सा केसभर चढा आणि कासवाच्या पेटीचा केसभर उतरता. एकेकटी वाजली तर कोणाला कळायचं नाही. पण दोन्ही मिळून वाजल्या की दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं. कारागिरांनी तसं का केलं, देव जाणे. गावानं मात्र त्याला निष्ठा म्हटलं.

या निष्ठेत एक बाळ अडकलं होतं.

गावची रीत अशी होती, की आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगायच्या आधी आईकडच्या आणि बापाकडच्या पेट्यांनी मिळून पाळणा वाजवायचा. तो वाजल्याशिवाय ठेवलेलं नाव बाळाला चिकटत नाही, अशी सगळ्यांची समजूत. थोरल्याची सासुरवाडी ओढ्यापलीकडे. बायको बाळंतपणाला माहेरी गेली ती तिथेच राहिली, कारण बारशाशिवाय बाळानं ओढा ओलांडायचा नसतो.

“कासवाच्या घोगऱ्या पेटीशेजारी माझा मोर बसणार नाही,” असं धाकटीचे वडील तात्या म्हणत.

“मोराच्या किंचाळण्यात माझ्या नातीचं नाव बुडू देणार नाही,” असं त्यांचे व्याही म्हणत.

थोरला बिचारा दिवसभर ओढ्यावरच्या लाकडी साकवावरून ये-जा करी. नात बसायला लागली, तिला पहिला दात आला, तरी तिला नाव नव्हतं. तिची आई तिला नुसतं “ए” म्हणायची, आणि पोर त्यालाच हसून ओ द्यायची.

धाकटीनं हे ऐकलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. “चित्रावरून भांडता?” ती म्हणाली. “हा निव्वळ अडाणीपणा आहे. उद्या मी तुम्हाला दाखवूनच देते.”

दुसऱ्या दिवशी तिनं साकवापाशी एक गोधडी टांगली. गोधडीमागे एक मोराची पेटी ठेवली आणि एक कासवाची. पुढे तात्या आणि व्याही मांडी घालून बसले, त्यांच्या मागे सारं गाव. धाकटीनं आतून एका पेटीची पावसाची खुंटी ओढली.

तात्यांची मान डोलू लागली. “अहाहा! याला म्हणतात मोराचा पाऊस. ओल बघा, ओल! मला तर पायाला चिखल लागल्यासारखं वाटतंय.”

धाकटीनं गोधडी बाजूला सारली. तिच्या हाताखाली कासव होतं.

मग व्याह्यांची पाळी. त्यांनी कासवाची म्हणून जी सनई डोळे मिटून वाखाणली, ती मोराची निघाली.

धाकटीला वाटलं होतं, आता दोघं खो खो हसतील, एकमेकांच्या पाठीवर थाप मारतील आणि पाळणा आजच वाजेल. पण कोणी हसलं नाही. व्याही खाली बघत उठले. तात्यांनी आपली पेटी उचलली, घरी नेली, तिच्यावर गवसणी घातली आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

“तात्या,” धाकटी म्हणाली, “मी तर सिद्धच करून दाखवलं.”

“दाखवलंस खरं.”

“मग आता पाळणा वाजवायला काय हरकत आहे?”

तात्यांनी गवसणीची गाठ आवळली. मग म्हणाले, “पोरी, तू शिकायला गेलीस. थोरला सासुरवाडीच्या वाटेला लागला. संध्याकाळी या घराची कडी वाजवायला कोण येत होतं? मोरवाले. ‘तात्या, नवी खुंटी ऐकलीत का? तात्या, पाराकडे येताय ना?’ मला ताप आला तेव्हा पेज घेऊन तेच आले. मोराचं काय घेऊन बसलीस गं, मला माणसं मिळाली होती. आता कुठल्या तोंडानं पारावर जाऊ? काय सांगू त्यांना? की तात्याला मोर ओळखता येत नाही?”

दूरदेशी धाकटीला पुष्कळ शिकवलं होतं, पण हे कोणी शिकवलं नव्हतं.

भाचीला बघायला म्हणून ती पेटी घेऊन निघाली. साकवावर गावातली तरणी मुलं तिची वाट बघत उभी होती. त्यांच्या पेट्यांवर मोर नव्हता की कासव नव्हतं. सगळं खरवडून काढलेलं होतं, आणि तिथलं लाकूड कोवळ्या जखमेसारखं पांढरं दिसत होतं.

“ताई, आम्ही आजपासून तुमचे,” त्यातला एकजण म्हणाला. “आम्ही बिनखुणे. तुमच्या पेटीवर खूण नाही, आमच्याही नाही. आम्ही सासुद्धा तुमचाच धरणार. भेटल्यावर काय म्हणायचं तेसुद्धा ठरवलंय. खूण पुसो!”

“खूण पुसो!” बाकीचे ओरडले.

“आणि पाळणा वाजला तर बिनखुणेच्याच पेट्यांवर वाजेल. त्या म्हाताऱ्यांना कळतंय काय?”

खरं सांगायचं तर धाकटीला बरं वाटलं. छाती थोडी फुगलीही. पण पुढे चालताना ते शब्द तिच्या चपलेत शिरलेल्या खड्यासारखे टोचू लागले.

वहिनी अंगणात बाळाला मांडीवर थोपटत होती. धाकटीनं तिला सगळं सांगितलं. वहिनी म्हणाली, “म्हणजे वन्सं, आतापर्यंत हिच्या नावाच्या आड दोघे होते. आता तीन झाले म्हणायचे.”

ती टोचून बोलली नव्हती. दमलेल्या माणसानं म्हणावं तसं म्हणाली, आणि पुन्हा पाळणा गुणगुणू लागली. बाळाचे डोळे जडावले. दिवेलागण होत होती. धाकटीला भरून आलं. आपणही साथ करावी म्हणून तिनं पेटीची पाव्याची खुंटी ओढली आणि हळूच सा धरला.

दाताखाली खडा आला. वहिनीचा सूर तिच्या पेटीहून थोडा खाली होता.

“वहिनी,” ती चटकन म्हणाली, “जरा वर घ्या ना.”

वहिनीनं वर घेतलं. बाळानं डोळे उघडले, ओठ काढला आणि भोकाड पसरलं. वहिनी पुन्हा आपल्या सुरावर उतरली तेव्हा कुठे ते शांत झालं.

“पेटीला सांगा की खाली यायला,” वहिनी हसून म्हणाली. “हिला हाच सूर लागतो.”

धाकटीचा हात पट्टीवरच थांबला. बाळाला झोपवणाऱ्या आईला ती सूर बदलायला सांगत होती. का, तर तिची पेटी चुकत नाही म्हणून! तिच्या पेटीवर कसलंच चित्र नव्हतं. पण ते नसल्याचाच तिला मोराएवढा अभिमान होता. तिनं भाता मिटला, आणि बाळ झोपेपर्यंत वहिनीचा सूर नुसता ऐकत राहिली, कानात साठवत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी साकवावर येऊन बसली. तिनं पेटीचं झाकण उघडलं. आत पितळी पात्या एका ओळीत चमकत होत्या. त्यांच्यातूनच सूर निघत. तिनं कानस काढली.

“ताई, हे काय करताय?” बिनखुणे धावत आले. “पितळ एकदा घासलं की परत लावता येत नाही! हा तर आपला सा!”

“ठाऊक आहे,” धाकटी म्हणाली. “बारसं होईपर्यंत माझ्या पेटीचा सा बाळाच्या आईचा. आणि ते झाल्यावरही तोच राहील, घासलेलं पितळ कुठे परत येतंय? तुमच्या पेट्यांवर काय हवं ते पुन्हा कोरा. मी मनाई करणार नाही.”

ती वहिनीचा पाळणा गुणगुणत एकेक पाती घासू लागली. पितळेची सोनेरी भुकटी ओढ्यात पडत होती. तो आवाज ऐकून तात्या आले. लेकीनं रात्रंदिवस खपून घडवलेली पेटी अशी उघडी पडलेली बघून ते तिथेच थांबले.

“तात्या,” धाकटी मान वर न करता म्हणाली, “काल मी जिंकले आणि तुमची संध्याकाळ गेली. माझं चुकलं. संध्याकाळी मी तुमच्याबरोबर पारावर येते. त्यांना सांगू, कासवाचा पाऊस इतका चांगला होता की तात्याही फसले.”

तात्यांनी त्या उघड्या पेटीत डोकावून पाहिलं. मग घरी गेले, आणि गवसणी काढलेली पेटी घेऊन परत आले.

“दे ती कानस,” ते तिच्या शेजारी बसत म्हणाले. “पण सांगून ठेवतो, मोराला धक्का लावायचा नाही.”

“नाही लावणार. मोर सुरेख आहे.”

थोड्या वेळानं साकवाच्या दुसऱ्या टोकाला व्याही दिसले. त्यांच्याही काखेत पेटी होती. तात्यांनी त्यांच्याकडे बघितलं.

“या व्याहीबुवा. कासव सावकाश चालतं हे ऐकून होतो, पण इतकं?”

“पोचलं ना पण!” व्याही म्हणाले. “सरका जरा.”

त्या दिवशी तिन्ही पेट्यांवर मिळून पाळणा वाजला. एकीवर मोर होता, एकीवर कासव होतं आणि एकीवर काहीच नव्हतं. पेट्यांचा सूर मात्र आईचा होता. आत्यानं वाकून बाळाच्या कानाशी “कुर्रर्र” केलं, नाव सांगितलं, आणि पोरीनं एकुलता दात दाखवत सगळ्या गावासमोर पहिल्यांदा आपल्या नावाला ओ दिली.

दुसऱ्याची खूण पुसून माणसं जवळ येत नाहीत. आधी आपलाच सूर थोडा हलवावा लागतो.