वाजवून घेतलेले रांजण

नद्यांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका राज्यात पूल बांधणारा एक कारागीर राहत होता. तो फार संशयी होता आणि त्याच्या संशयावर सगळ्या गावाचा विश्वास होता.

पुलाला लावायचा प्रत्येक दगड तो आधी हातोडीने वाजवून बघे. खणखणीत वाजला, तर दगड आतून अखंड. बद्द वाजला, तर आत कुठेतरी चीर. मग तो कितीही देखणा असो, बाजूला पडे. खाणीवाले वैतागत. "दगड बघतोयस की जावई?" असं विचारत. तो हसतसुद्धा नसे. पुढचा दगड वाजवू लागे.

त्याचा थोरला भाऊही याच कामात होता. एका कमानीवरून तोल गेला आणि तो गेला. मागे राहिलेली वहिनी लोकांची दळणं दळू लागली. दिराने आणून दिलेलं धान्य ती निम्मं ठेवून घेई आणि निम्मं परत करी. तेव्हापासून कारागिराचं मन कामात लागेना. बांधकामाच्या परांचीवर चढला की त्याची नजर आपोआप खाली, पाण्याकडे जाई.

अशात गावात एक हमीवाला आला. दर सुगीला प्रत्येक घराने त्याला पायलीभर धान्य द्यायचं. त्या घरचा कर्ता माणूस गेला किंवा घर जळालं, तर त्याच्या रांजणांतून त्या घराला वर्षभर धान्य मिळायचं.

गाव काही बधेना. विणकर तर तोंडावर म्हणाला, "मेल्यावर देणार म्हणे! मिळालं की नाही, ते बघायला मी परत येऊ काय?"

मग हमीवाला कारागिराच्या ओट्यावर येऊन बसला. "दादा, लोक माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. जन्मभर धोंडे उचललेत. आता माझ्याबरोबर चला. नुसतं दारोदार जाऊन बोलायचं. पडायची भीती नाही, की कोणाला पाडायची नाही."

शेवटचं वाक्य कारागिराच्या मनात रुतलं. अशी हमी तेव्हा असती, तर वहिनीला जातं ओढावं लागलं नसतं. पण माणूस गोड बोलत होता आणि गोड बोलणाऱ्याचा त्याला पहिल्यापासून तिटकारा.

"रांजण दाखव," तो म्हणाला.

शेजारच्या पेठेत हमीवाल्याचं कोठार होतं. तिथे भिंतीशी रांजणांची रांग उभी होती. प्रत्येकाचं तोंड झाकण ठेवून मातीने लिंपलेलं.

"झाकणं काढ."

"दादा, झाकण काढलं की हवा लागते आणि हवा लागली की कीड. दुसऱ्यांच्या तोंडचा घास आहे तो. तुम्हीच सांगा, काढू?"

बोलणं खोटं वाटत नव्हतं. तरी कारागिराने कमरेची हातोडी काढली आणि पहिल्या रांजणावर हलकेच मारली. खण्ण! दुसऱ्यावर मारली. खण्ण! तो रांगेच्या टोकापर्यंत गेला. एकही रांजण बद्द वाजला नाही. त्याच्या मनातली गाठ सैल झाली.

"सगळे चोख आहेत," तो म्हणाला.

हमीवाला क्षणभर त्याच्याकडे बघतच राहिला. मग हात जोडून म्हणाला, "तुमच्यासारखा पारखी मी आजवर पाहिला नाही."

घरी येऊन कारागिराने हातोडी खुंटीला टांगली आणि तो दारोदार फिरू लागला. "मी स्वतः वाजवून बघितलेत," एवढंच तो सांगे. तेवढं पुरे होई. विणकरानेही पायली रिती केली. "तू वाजवलंस ना, मग झालं!" बघता बघता हमीवाल्याच्या गाड्या भरल्या आणि पुलाच्या दिशेने निघाल्या.

सगळ्यांत शेवटी वहिनी सुपात जोंधळे घेऊन आली.

"भावजी, तुम्ही सांगताय म्हणजे खरंच असणार. पण रांजण उघडून बघितलेत ना?"

"उघडले नाहीत, वहिनी. वाजवले. सगळे खणखणीत."

वहिनीने सूप खाली ठेवलं.

"हे गेले, त्यानंतर मी रोज सकाळी घरातला रांजण बोटाने वाजवायची. झाकण काढायचा धीर व्हायचा नाही म्हणून. बद्द वाजला की वाटायचं, आजचा दिवस निघाला. एक दिवस खणखणीत वाजला. त्याच दिवशी मी पहिल्यांदा दुसऱ्याच्या दारात दळण मागायला गेले."

 कारागीर उठला आणि गावकऱ्यांना हाका मारत धावत सुटला.

त्यानेच बांधलेल्या पुलावरून गाड्या पलीकडे गेल्या होत्या. आस मोडलेली एक तेवढी चढावर अडकली होती. तिचे बैल सोडून नेलेले होते. गावकरी पेठेतल्या कोठारात पोचले आणि त्यांनी रांजण फोडले. आत नुसती धूळ होती.

"अरे, तू एवढा संशयी!" विणकर ओरडला. "तुझा संशय मेला होता काय?"

"संशय होता," कारागीर खाली मान घालून म्हणाला. "पण हातोडी दगड पारखायची होती."

सापडलेल्या गाडीतलं धान्य घरोघरी थोडं थोडं परत गेलं. बाकीच्यासाठी कारागीर पुढची कित्येक वर्षं राबला. कोणाची भिंत उभी केली, कोणाची विहीर बांधून दिली. हातोडी पुन्हा कमरेला आली, पण तो ती फक्त दगडावरच चालवी.

हमीची कल्पना मात्र वहिनीने सोडली नाही. तिने आपल्या अंगणात गावाचा म्हणून एक रांजण ठेवला. त्याचं तोंड कधी लिंपलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या कोणीही झाकण उचलावं आणि आत कोपरापर्यंत हात घालून बघावं. कीड लागायची, मग बायका मिळून धान्य निवडायच्या. पुढे एका उन्हाळ्यात विणकराचं घर जळालं, तेव्हा त्याची चूल त्याच रांजणावर पेटली.

तात्पर्य: नुसता संशय घेऊन भागत नाही, ज्या वस्तूचा संशय येतो, तिला तिचीच कसोटी लावावी लागते.