हरवलेला आयतवार

एकदा काय झालं, एका बेटावरचा आयतवारच हरवला. आयतवार म्हणजे रविवार, तुमचा लाडका. हसताय काय? भिंतीवर कॅलेंडर आहे, हातात मोबाइल आहे, तरी मे महिन्यात तुम्हांला आज कुठला वार ते सांगता येत नाही. त्या बेटावर तर यातलं काहीच नव्हतं.

बेट होतं पार भर समुद्रात. थोडी घरं, थोडी भातशेती, गोड्या पाण्याची एक विहीर आणि पुळणीवर एक लाकडी क्रूस. चर्च नव्हतं. पाद्री यायचे ते वर्षातून एकदा, पावसाळा सरून समुद्र निवळला की. एरवी आयतवारी सगळे क्रूसापाशी जमायचे आणि आपली आपण प्रार्थना म्हणायचे. मग आयतवार कधी हे कळायचं कसं? तर ते काम होतं रेमेतकडं.

रेमेतच्या खिडकीत सात शिंपले असायचे आणि एक करवंटी. रोज उठली की ती एक शिंपला करवंटीत टाकायची. सातवा पडला की आयतवार. मग ती अंगणात येऊन हाक मारायची, की चला, आज जाळी खाली ठेवा.

बरं का, आयतवाराची ओढ सगळ्या बेटावर तिलाच जास्त होती. तिचा नवरा कायतान मोठ्या गलबतावर गेला होता, लांबच्या मुलुखात. निघताना तो म्हणाला, "रेमेत, दर आयतवारी दिवेलागणीला मी असेन तिथं माळ म्हणेन. पहिलं अर्धं मी म्हणेन, दुसरं तू म्हण." आपण घरी म्हणतो ना, अगदी तसंच. माळेच्या एकेका मण्याला एकानं 'नमो मारिये' म्हणायचं, दुसऱ्यानं 'हे पवित्र मारिये' म्हणून उत्तर द्यायचं. मग दर आयतवारी सगळे पांगले की रेमेत क्रूसापाशी एकटीच मागं राहायची. आधी गप्प बसायची, कायतानचं अर्धं म्हणून होईल इतका वेळ. मग आपलं अर्धं म्हणायची. लोकांना वाटायचं, बिचारी एकटी बसलीय. तिला मात्र तसं वाटायचं नाही.

आणि एका पावसाळ्यात बेटावर ताप आला. घरोघरी माणसं अंथरुणाला खिळली. रेमेत घरोघर पेज घेऊन फिरली, आणि शेवटी आपणच आडवी झाली. उठली तेव्हा तिनं पहिलं काय केलं असेल? खिडकीकडं पाहिलं. करवंटीत तीनच शिंपले. तिनं शेजारच्या पास्कूला विचारलं, "मी किती दिवस पडून होते?" पास्कू म्हणाला, "मला काय विचारतेस? मी तरी कुठं शुद्धीवर होतो?" कुणी म्हणालं चार दिवस, कुणी म्हणालं आठवडा गेला. सगळंच बेट तापानं फणफणलेलं, सांगणार कोण?

मग झाली भांडणं. ज्याला जाळं टाकायचं होतं तो म्हणे आज आयतवार नाही. ज्याला झोपायचं होतं तो म्हणे आजच आहे. रेमेत भांडली नाही. कायतान तिकडं आपलं अर्धं म्हणत असेल आणि उत्तराची वाट बघत असेल. कुठल्या दिवशी? तेच तर कळत नव्हतं.

मग तिनं ठरवलं, वार येतात कुठून ते बघायचं. उजाडायच्या आधीच ती उगवतीच्या बाजूला जाऊन बसली. आणि काय सांगू, धुक्यातून एक होडी आली. एवढ्या पावसाळ्यात, बरं का! होडीतून एक उंच माणूस उतरला. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर भाताच्या रोपांच्या जुड्या.

रेमेतनं विचारलं, "तुम्ही आयतवार का?"

"हो, मीच," तो म्हणाला आणि एक जुडी तिच्या हातात दिली. "तापात पडलेल्यांची शेतं तशीच राहिलीत. लावून टाक, रोप वाळेल."

रेमेतला हायसं वाटलं. तिनं जुडी लावली, जमेल तेवढी शेजाऱ्यांचीही लावणी केली, आणि दिवेलागणीला चिखलाच्या पायांनीच क्रूसापाशी गेली. आपलं अर्धं म्हणाली.

झालं की मग! गोष्ट संपली, नाही का? पण मन असतं चोरटं. दुसऱ्या दिवशी तिला वाटलं, सहज बघून यावं. गेली, तर पुन्हा होडी. आज एक म्हातारी उतरली, डोक्यावर मासळीची पाटी.

"आजी, तुम्ही कोण?"

"मी आयतवार. बघतेस काय, हात लाव पाटीला."

रेमेत गोंधळली. पण पाटी जड होती आणि म्हातारी वाकलेली. तिनं पाटी उतरवली, दिवसभर मासळीला मीठ लावलं, ज्यांच्या घरी पुरुषमाणूस अजून अंथरुणात होता त्यांना वाटली. संध्याकाळी पुन्हा क्रूसापाशी. न जाणो, आजच खरा असेल.

तिसऱ्या दिवशी एक तरणी बाई उतरली. कडेवर पोर, नाक वाहणारं, किरकिरं. रेमेतनं विचारायच्या आधीच ती म्हणाली, "मी आयतवार. घे जरा याला, माझा हात मोडून आला."

आता मात्र रेमेत तापली. पोर घेतलं तिनं, ते नाही सोडलं. पण म्हणाली, "काल एक आली, परवा एक आला. सगळेच आयतवार कसे? मला फसवता काय?"

ती बाई वाळूत बसली. म्हणाली, "आम्हां सातही जणांना पाठवणारा एकच आहे. त्यानं आम्हांला थोरलं-धाकटं असं काही सांगितलं नाही. तुला त्यातला एकच कशाला हवा?"

तेव्हा रेमेतला रडू फुटलं. "मला आयतवार नकोच," ती म्हणाली. "मला माझा नवरा हवा."

बाईनं पदरानं तिचे डोळे पुसले. मग उठली, पोर घेतलं. "तो माझ्याजवळ नाही गं," म्हणाली आणि होडीत बसून निघून गेली. पुन्हा कधी ती होडी आली नाही. खोटं आश्वासन काही दिलं नाही तिनं, हे मात्र बरं केलं.

मग काय, रेमेतला वार सापडला नाही तो नाहीच. पण कायतानचं अर्धं असंच लोंबकळत ठेवायचं? ते तिला सोसेना. मग ती रोज संध्याकाळी जायला लागली. सातांतला एक तरी आयतवार असणारच की! लावणी संपली, भात पोटरीला आलं, पिकलं. नव्या भाताची पहिली पेंढी सगळ्यांनी क्रूसापाशी नेऊन ठेवली, मगच नवा भात खाल्ला. तोवर समुद्र निवळला आणि पाद्री आले. त्यांनी सांगितलं, आज गुरुवार. पास्कूनं शिंपले मोजून करवंटीत टाकले. बेटाचा आयतवार सापडला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

पास्कू म्हणाला, "रेमेत, आता रोजची खेप बंद कर बाई."

रेमेत म्हणाली, "तिकडं गलबतावर त्यांचाही वार चुकला असेल तर?"

लोक तिला हसायचे. म्हणायचे, रेमेतचं काय, तिला रोजच आयतवार. हसू दे. नाताळ आला, गेला. उपासाचे दिवस आले, कपाळाला राख लागली. ईस्टर झाला, पुन्हा पाऊस लागला. अशी किती वर्षं गेली कोण जाणे. दिवेलागण झाली की ती हातातलं काम ठेवायची. कधी हाताला मासळीचा वास, कधी पिठाचे हात. आधी गप्प, मग आपलं अर्धं. रोज काही मन लागायचं नाही, बरं का. एका उन्हाळ्यात तर ती क्रूसाला म्हणाली, "जिवंत असले तर ना!" आणि रागारागानं, घाईघाईनं म्हणून टाकलं. पण म्हटलं.

मग एका मंगळवारी, अगदी साध्या मंगळवारी, दिवस कलला होता आणि रेमेत अंगणात मासळी साफ करत होती. पास्कू धावत आला. "पुळणीवर कुणी उतरलंय," म्हणाला, "घराकडं ये म्हटलं तर येत नाही."

रेमेत तशीच गेली. क्रूसापाशी एक माणूस उभा. पाठीत वाकलेला, केस पांढरे. त्यानं मान वर केली नाही, पण मानेवरूनच तिनं ओळखलं.

"घरी नाही आलात?" ती म्हणाली.

"कुठल्या तोंडानं येऊ?" कायतान म्हणाला. "मी शब्द मोडला. चाच्यांनी आमचं गलबत धरलं, आम्हांला अंधारात कोंडलं. दिवस कुठला, रात्र कुठली, काही समजत नव्हतं. वार कुठून समजणार? मग वाढप्या पेज घेऊन आला की मी आपलं अर्धं म्हणायचो. रोज. कधी दोनदा. पण तू तर इथं आयतवारी बसत असशील. माझं अर्धं वाऱ्यावरच गेलं असणार."

रेमेतच्या हातात अजून सुरी होती. ती तिनं वाळूत ठेवली.

"एकही वाऱ्यावर गेलं नाही," ती म्हणाली. "बसा."

मग दोघं बसली. कायतान आपलं अर्धं म्हणाला. रेमेतनं आपलं म्हटलं. आणि मग दोघंही गप्प. सवयच पडली होती ना, दुसऱ्याचं होईल इतका वेळ थांबायची. तो थांबला, ती थांबली. लाटा येत होत्या, जात होत्या. शेवटी मागं जमलेल्यांतून पास्कू म्हणाला, "अहो, पुढं म्हणा, इथं माणसं खोळंबलीत." तेव्हा कुठं रेमेत हसली. किती वर्षांनी हसली असेल!

पुढं ती दोघं त्याच घरात राहिली, त्याच विहिरीचं पाणी प्यायली, आणि अंगणात बसून एकमेकांना मासळीचे काटे काढून द्यायची. झालं.

चला आता, पाय पोटाशी घ्या. तुम्ही आपलं अर्धं म्हणा आणि झोपा. मधेच डोळा लागला तर लागू दे, उरलेलं मी म्हणते.