तबीथाबाईचा जड भोपळा

एक होती तबीथाबाई आणि एक होता तिचा भोपळा. दोघांत जास्त गोल कोण, यावरून गावात दोन पक्ष होते.

त्या गावातली ख्रिस्ती मंडळी, बरं का, हंगामाच्या सणाला पहिलं पीक चर्चमध्ये नेऊन अर्पण करायची. ज्याचं अर्पण सगळ्यांत मोठं, त्याला पहिला बाक. हा नियम प्रभूने केला नव्हता. मंडळींनी त्याचं तेवढं काम वाचवलं होतं. दरवर्षी तो बाक शेजारची सलोमीबाई पटकावायची. यंदा तबीथाबाईला तो हवाच होता.

मग सणाच्या सकाळी ती भोपळा डोक्यावर घेऊन निघाली.

वाटेत भेटला म्हातारा धनगर. "बाई, कालपासून उपाशी आहे. एक फोड द्या, भाजून खाईन."

"हा प्रभूचा आहे, बाबा. हात लावू नका."

आणि भोपळा जड झाला. तबीथाबाईला वाटलं, चुंबळ सरकली.

मग भेटली ऊसतोडणीची बाई. कमरेला कोयता, कडेवर भुकेलं पोर. तबीथाबाई म्हणाली, "येताना बघू हं." भोपळा आणखी जड. मान खांद्यात रुतली.

मग ओढ्याकाठी बघते तर सलोमीबाई रडत बसलेली. "शेळीने माझा भोपळा खाल्ला गं! रिकाम्या हातांनी कशी जाऊ?"

तबीथाबाई तोंडाने म्हणाली "अरेरे" आणि मनात तिने पेढे वाटले. झालं! भोपळा इतका जड झाला की ती मटकन खालीच बसली. भोपळा मांडीवर. उठता येईना, आणि तिकडे चर्चची घंटा सुरू.

सलोमीबाईने डोळे पुसले. "थांब, एका बाजूने मी धरते. बस पहिल्या बाकावर, पण ऊठ आधी!"

तिने हात लावला मात्र, भोपळा फुलासारखा हलका.

तबीथाबाई मग हळूच म्हणाली, "प्रभू, समजलं रे बाबा. बाक राहू दे."

मग तिने मागे वळून धनगराला हाक मारली, त्या बाईला हाक मारली. कोयत्याने भोपळा चिरला, निखाऱ्यांवर फोडी भाजल्या. सगळे पोटभर जेवले. शेळीलाही सालं मिळाली. तिने आभार मानले नाहीत.

चर्चमध्ये शेवटचं गीत चाललं होतं. तबीथाबाई सगळ्यांना घेऊनच आत शिरली. ओच्यात मूठभर बिया. मंडळी कुजबुजली. पाळकसाहेबांनी मात्र त्या बिया दोन्ही हातांनी घेतल्या आणि वेदीवर ठेवल्या.

मग काय झालं? बियांना कोंब फुटले! वेल सरसर पसरला आणि त्याने पहिल्या बाकाला असा वेढा घातला की तिथे कुणालाच बसता येईना. वर बारा महिने भोपळे. भुकेल्याने यावं, तोडून न्यावं.

आणि तबीथाबाई, सलोमीबाई? त्या दाराजवळच्या बाकावर सुखाने बसतात, आणि कुणी आलं की सरकून जागा देतात.

तर आता तुम्हीही सरका जरा. धाकटीला पांघरूण द्या, आणि मिटा डोळे.