राणीच्या माहेरचे मासे

फार फार जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की त्या राज्याचं नाव आता कुणाला आठवतही नाही. तिथल्या राजाची नवी राणी माहेरच्या तळ्यातले सात मासे घागरीत घालून सासरी आली. राजानं हौसेनं चौकात पांढऱ्या दगडाचा हौद बांधला आणि तो भिवाप्पा नावाच्या म्हाताऱ्या माळ्याच्या हाती सोपवला.

आठ दिवसांत पाणी हिरवं झालं, दगडावर शेवाळ चढलं. भिवाप्पा माणूस मोठा टापटिपीचा. तो हौद पार उपसायचा, काथ्यानं खसाखसा घासायचा आणि विहिरीचं ताजं पाणी भरायचा. दोन दिवस लखलखाट, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यात राजवाड्यातला जो तो येताजाता कणकेची गोळी टाकणार. माशांना खाऊ घातलं की पुण्य लागतं, मग ते कोण सोडतो?

महिन्याभरात दोन मासे मेले. राणीनं दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. तेव्हा तिच्या सासूबाई म्हणाल्या, "पुढच्या पौर्णिमेपर्यंत पाणी निवळलं नाही, तर उरलेले नदीत सोडून द्या."

भिवाप्पाला हे पटेना. पोरीचं माहेर म्हणून एवढंच तर उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो काथ्या घेऊन हौदात उतरला, तर कोपऱ्यातली गोगलगाय बोलली. ती राणीच्या घागरीतूनच आली होती, आणि भिवाप्पानं तिला घाण समजून चारदा बाहेर फेकलं होतं.

"बाबा, पाचव्यांदा फेकण्याआधी जरा ऐक. पाणी हौदात रुळायला लागलं की तू ते ओतून देतोस. ते बिचारं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतं. वर दिवसभराचं ऊन आणि वीस जणांची कणीक. शेवाळ वाढेल नाही तर काय होईल?"

"मग मी करू तरी काय?"

"कमी कर. हौदावर सावली धर. खाणं एकदाच घाल, तेही चिमूटभर. पाणी बदलायचंच तर चार घागरी बदल. तळ्यातल्या दोन वेली आणून लाव. आणि शेवाळ हे माझं जेवण आहे, ते मला खाऊ दे."

भिवाप्पाचे हात नुसते शिवशिवत होते. तरी त्यानं काथ्या खुंटीला टांगला, हौदावर गवताचं छप्पर घातलं आणि कणीक घेऊन येणाऱ्यांना हात जोडून परत धाडलं. म्हातारा आळशी झाला, असं जो तो म्हणू लागला. त्यानं ते ऐकून घेतलं.

पौर्णिमेच्या सकाळी सासूबाई स्वतः घागर घेऊन आल्या. पाणी नितळ होतं. दगडावर थोडी हिरवी झाक होती, वेलींना पानं फुटली होती आणि पाच माशांच्या मागं तांदळाएवढी पिल्लं पळत होती. राणी काठावर बसून हसत होती, सासरी आल्यापासून पहिल्यांदाच.

"काय केलंस रे?" सासूबाईंनी विचारलं.

"फारसं काही नाही, आईसाहेब. सारखं घासणं थांबवलं. नवं घर आहे, जरा रुळू दिलं."

सासूबाई सुनेकडे बघत राहिल्या. बसायचं कसं, बोलायचं कसं, पदर घ्यायचा कसा, यावरून त्या तिला रोज टोकत असत, हे भिवाप्पाला ठाऊक होतं. त्यांनी घागर खाली ठेवली आणि राणीशेजारी काठावर टेकल्या.

"तुमच्याकडचं तळं खूप मोठं आहे का गं?" त्यांनी विचारलं, आणि राणी कितीतरी वेळ सांगत राहिली.

तात्पर्य: नव्या घरी आलेल्या जिवाला सारखं घासूनपुसून घेऊ नये, त्याला सावली द्यावी आणि रुळायला वेळ द्यावा.